१२ व्होल्टचा सोलेनॉइड २४ व्होल्टच्या लाइनवर: कॉइल न जाळता, बॅटरी न उधळता

नर्सरीत किंवा शेतावर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून सोलरची २४ व्होल्टची लाइन केलेली असते, आणि ठिबकसाठी जो सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलच्या चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह) हाती येतो तो नेमका १२ व्होल्टचा निघतो. वर्कशॉपमध्येही तीच गत. कंट्रोल पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, आणि दाराला लावायचं कुलूप १२ व्होल्टचं. मल्टिमीटर धरता येतो, सोल्डरिंग जमतं आणि आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवून झालाय, अशांसाठी हा लेख आहे. उदाहरण पाण्याच्या व्हॉल्व्हचं घेतलंय, पण कुलूप असो की छोटा डीसी रिले, हिशेब तोच.

सर्किटच्या आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: कॉइल बदलता येते का? इंडस्ट्रियल पितळी व्हॉल्व्हमध्ये कॉइल बहुधा वरच्या नटाने धरलेली असते. नट काढला की ती सरळ वर निघते आणि त्याच बॉडीवर २४ व्होल्टची कॉइल बसते. दुकानदाराकडे तशी कॉइल असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, ती घ्या आणि मोकळे व्हा.

दुसरा प्रश्न: एकसारखे दोन व्हॉल्व्ह कायम एकाच वेळी उघडायचे आहेत का? मग ते सिरीजमध्ये जोडा, प्रत्येकाला १२ व्होल्ट मिळतील. दोन्ही एकाच मॉडेलचे हवेत आणि दोघांचा ओहम सारखा हवा, एवढीच अट. एक स्वतंत्रपणे चालवायचा असेल तर मात्र हा मार्ग बंद.

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर मल्टिमीटर काढा.

कॉइलला व्होल्ट नको, करंट हवा

व्हॉल्व्ह सुटा करून कॉइलच्या दोन टोकांत ओहम मोजा. आपल्या उदाहरणात २४ ओहम आले असं धरू. १२ व्होल्टवर यातून ०.५ अँपिअर वाहणार, म्हणजे ६ वॅट. हीच कॉइल थेट २४ व्होल्टवर लावली तर करंट दुप्पट, १ अँपिअर, आणि उष्णता चौपट, २४ वॅट. काही मिनिटांत इनॅमलचा करपट वास येतो, आणि तारेवरचं इन्शुलेशन एकदा वितळलं की त्या कॉइलला इलाज नाही.

लेबलही नीट वाचा. त्यावर ‘एसी’ लिहिलं असेल तर ही सगळी आकडेमोड लागू नाही. एसीवर करंट रोखण्याचं मोठं काम कॉइलचं इंडक्टन्स करतं, नुसता रेझिस्टन्स नाही. म्हणून एसी कॉइलचा ओहम कमी असतो आणि तेवढ्याच व्होल्टच्या डीसीवर ती जळते. बागांमधले बरेच सिंचन व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीचे असतात. ‘२४’ पाहून ते बॅटरीला जोडू नका.

आतला प्लंजर, म्हणजे सरकणारा लोखंडी दांडा, ओढला जातो तो करंटमुळे. करंट गुणिले वेढे, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ओढ, म्हणजे करंट दुप्पट केला की ओढ चौपट. दुसरी गोष्ट अंतराची. लोहचुंबक खिळ्याजवळ नेऊन पाहा: बोटभर अंतरावरून ओढ जेमतेम जाणवते, चिकटल्यावर सोडवायला जोर लावावा लागतो. प्लंजरचंही तसंच. सुरुवातीला मधे हवेची फट असते, तेव्हा पूर्ण करंट हवा. प्लंजर वर जाऊन टेकला की फट संपते आणि त्याला तिथे धरून ठेवायला निम्म्याहून बराच कमी करंट पुरतो. तरीही बहुतेक जोडण्यांमध्ये व्हॉल्व्ह चार-चार तास पूर्ण करंटवर तापत बसलेला असतो. खरी बचत इथे आहे, १२ आणि २४च्या फरकात नाही.

चार मार्ग, चार बिलं

सगळ्यात सोपा मार्ग सिरीज रेझिस्टरचा. २४ ओहमचा रेझिस्टर कॉइलच्या पुढे लावला की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात आणि उरलेले १२ रेझिस्टर खातो. बॅटरीतून १२ वॅट जातात, त्यातले ६ नुसती हवा गरम करतात. रेझिस्टरही निदान १० वॅटचा सिमेंटचा घ्यावा लागतो आणि तो बोट भाजेल इतका तापतो. ७८१२ रेग्युलेटर लावणं हा याचाच सभ्य अवतार: हीटसिंक आली, वाया जाणारे वॅट तेवढेच.

दुसरा मार्ग तयार बक कन्व्हर्टरचा, म्हणजे फारशी उष्णता न करता व्होल्ट खाली आणणाऱ्या सर्किटचा. एलएम२५९६चं निळं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. आउटपुट स्क्रूने १२ व्होल्टवर आणून ठेवायचं. बॅटरीतून साधारण ७ वॅट जातात. ज्यांना प्रोग्रॅमिंगच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला आहे, त्यात कमीपणा नाही. फक्त स्विच बकच्या आउटपुटला, कॉइलच्या बाजूला ठेवा आणि कॉइलला समांतर एक डायोड लावा, पट्टीचं टोक प्लसकडे.

तिसरा मार्ग पीडब्ल्यूएमचा, म्हणजे स्विच झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्ट कमी करण्याचा. बक कन्व्हर्टरमध्ये एक स्विच असतो, एक डायोड आणि एक इंडक्टर. आपली कॉइल स्वतःच एक भलाथोरला इंडक्टर आहे, मग वेगळा कशाला विकत घ्यायचा? मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करायचा. निम्मा वेळ चालू ठेवला, म्हणजे ड्यूटी ५० टक्के ठेवली, की कॉइलला सरासरी १२ व्होल्ट. बॅटरीतून जेमतेम ६ वॅट.

चौथा मार्ग म्हणजे तिसऱ्यातच एक भर: आधी जोरात ओढा, मग हळूच धरा. अर्धा सेकंद ५० टक्के ड्यूटी, नंतर ३० टक्के. ३० टक्क्यांवर आपल्या कॉइलला सुमारे ७ व्होल्ट मिळतात, करंट ०.२९ अँपिअरच्या आसपास आणि बॅटरीतून साधारण २ वॅट.

व्हॉल्व्ह दिवसाला चार तास उघडा राहतो असं धरलं तर रेझिस्टरवाला ४८ वॅट-अवर खातो, बकवाला २८, साधा पीडब्ल्यूएम २४ आणि शेवटचा आठ-साडेआठ. पावसाळ्यात तीन दिवस आभाळ भरून राहिलं की हा फरक डोळ्यांनी दिसतो. खाली चौथा मार्ग बांधू.

सामान

मॉसफेट आयआरएलझेड४४एन. यातला ‘एल’ महत्त्वाचा. आयआरएफझेड४४एन दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण तो पूर्ण उघडायला त्याच्या गेटला, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पिनला, १० व्होल्ट लागतात. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. पुण्यात तपकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, चिठ्ठीवर नंबर ठळक अक्षरांत लिहून न्या आणि काउंटरवरच मॉसफेटच्या अंगावरचं छापील वाचून घ्या.

डायोड शॉटकी जातीचा, १एन५८२२ (४० व्होल्ट, ३ अँपिअर). घरात पडलेला १एन४००७ इथे लावायचा मोह आवरा. रिलेवर तो झकास चालतो, कारण रिले क्वचित बंद होतो. पीडब्ल्यूएममध्ये डायोडला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद व्हावं लागतं. १एन४००७ बंद व्हायला वेळ लावतो, तेवढ्यात मॉसफेट पुन्हा चालू होतो आणि क्षणभर बॅटरी त्या दोघांमधून शॉर्ट होते. जसजशी फ्रिक्वेन्सी वाढवाल तसतसे दोघेही तापतात.

बाकी किरकोळ: २२० ओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज आणि होल्डर. आर्डुइनोसाठी ५ व्होल्टचा छोटा बक वेगळा. आर्डुइनो उनोच्या व्हीआयएन (सप्लायच्या) पिनला ७ ते १२ व्होल्ट योग्य, २० ही वरची हद्द. २४ तिथे देऊ नका.

जोडणी

बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, फ्यूजनंतर बोर्डाची प्लस लाइन. या लाइन आणि ग्राउंडमध्ये दोन्ही कपॅसिटर, मॉसफेटच्या जितके जवळ जमेल तितके. प्लस लाइनवरून कॉइलचं एक टोक. दुसरं टोक मॉसफेटच्या ड्रेनला, सोर्स ग्राउंडला. डायोड कॉइलला समांतर: पट्टी असलेलं टोक प्लसकडे, बिनपट्टीचं ड्रेनकडे. उलटा बसला तर पहिल्याच पल्सला शॉर्ट, म्हणून हा एक सांधा दोनदा बघा.

आर्डुइनोची पिन ९ आणि गेट यांच्यामध्ये २२० ओहम. गेट ते ग्राउंड १० किलोओहम. हा दुसरा रेझिस्टर लोक गाळतात. मग आर्डुइनो सुरू होईपर्यंतच्या क्षणात गेट अधांतरी राहतं आणि व्हॉल्व्ह मनाला येईल तसा उघडतो. आर्डुइनोचं ग्राउंड आणि बॅटरीचं ग्राउंड एक हवं.

मॉसफेट बंद झाला की कॉइलमधला करंट एकदम थांबत नाही, तो डायोडमधून कॉइलमध्येच गोल फिरत राहतो. साधारण १०० मिलिहेन्रीची कॉइल आणि २४ ओहम असतील तर हा करंट ओसरायला चार मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. १ किलोहर्ट्झवर ५० टक्के ड्यूटी असेल तर बंद काळ फक्त अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात करंट दहा-बारा टक्के उतरतो आणि पुढची पल्स येते. प्लंजरला काही कळतही नाही. डायोडच नसेल तर हाच करंट दर पल्सला मॉसफेटच्या अंगावर आदळतो आणि मॉसफेट फार वेळ टिकत नाही.

पहिल्यांदा कॉइल लावूच नका. ट्रकच्या स्पेअरच्या दुकानातून २४ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब आणा, कॉइलच्या जागी लावा आणि ड्यूटी वरखाली करून पाहा. बल्ब मंद-प्रखर झाला तर मॉसफेट हुकमात आहे. ड्यूटी शून्यावरही बल्ब पेटलेला राहिला तर जोडणीत चूक आहे, आणि ती दहा-वीस रुपयांच्या बल्बवर कळलेली बरी.

आता कॉइल लावा आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून दोन ठिकाणी मोजा. ड्यूटी ५० टक्के असताना कॉइलच्या तारेत मीटर ०.५ अँपिअरच्या जवळ दाखवेल. तोच मीटर बॅटरी आणि बोर्डाच्या मधे लावा, तिथे ०.२५ दिसेल. नवख्यांना इथे मीटर खोटं बोलतंय असं वाटतं. पण १२ व्होल्ट गुणिले ०.५ आणि २४ गुणिले ०.२५, दोन्हीकडे ६ वॅटच. बॅटरी निम्मा वेळच करंट देते, उरलेला निम्मा वेळ कॉइल डायोडमधून स्वतःचं भागवते.

फ्यूज एवढा छोटा का, याचं उत्तरही यातच आहे. मॉसफेट मरताना बहुधा शॉर्ट होऊन मरतो. तसं झालं तर कॉइलला थेट २४ व्होल्ट आणि १ अँपिअर मिळणार. नेहमीचा सरासरी करंट ०.२५च्या आतच असल्यामुळे २५० मिलिअँपिअरचा फ्यूज लावता येतो, आणि चौपट करंटवर तो काही सेकंदांत उडतो. १ अँपिअरचा फ्यूज लावाल तर कॉइल जळेल आणि फ्यूज शाबूत राहील.

फ्रिक्वेन्सी किती?

आर्डुइनो उनोच्या पिन ९ वर मुळात ४९० हर्ट्झ मिळतात. त्यावर व्हॉल्व्ह चालतो, पण कॉइल गुणगुणते. आतल्या टायमर १चा प्रीस्केलर, म्हणजे त्याचा वेग कमी करणारा भाजक, १ वर आणला की पिन ९ आणि १० वर सुमारे ३१ किलोहर्ट्झ मिळतात आणि आवाज कानाच्या पलीकडे जातो. फुकटात मात्र काही नाही. फ्रिक्वेन्सी वाढली की मॉसफेटचं दर वेळी चालू-बंद होताना होणारं नुकसान वाढतं, आणि सोलेनॉइडचं लोखंड सलग असल्यामुळे त्यात भोवरी प्रवाह होऊन तेही थोडं तापतं. माझं मत विचाराल तर दाराच्या कुलपाला, जिथे माणसं बसतात तिथे, ३१ किलोहर्ट्झ. शेतातल्या डब्यात मूळ ४९० हर्ट्झ किंवा एक-दोन किलोहर्ट्झ पुष्कळ झाले. गुणगुण ऐकायला तिथे आहे कोण. व्हॉल्व्ह पन्नास मीटर लांब असेल तर कमी फ्रिक्वेन्सीच बरी, नाहीतर ती लांब तार अँटेनासारखी वागून शेजारच्या सेन्सरची रीडिंग बिघडवते.

धरून ठेवायचा आकडा शोधणं

वर ३० टक्के म्हटलं, पण ते आपल्या उदाहरणापुरतं. तुमचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, आणि तो टेबलावर नाही, पाण्याच्या दाबाखाली. पंप सुरू करा, पाइपमध्ये नेहमीचं प्रेशर येऊ द्या. व्हॉल्व्ह ५० टक्क्यांवर अर्धा तास चालवून कॉइल तापू द्या. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे २५ अंशांवर २४ ओहम असलेली कॉइल ७५ अंशांवर २८.७ ओहम होते. तेवढ्याच व्होल्टवर करंट सहाव्या हिश्शाने घटतो आणि ओढ जवळपास तीस टक्क्यांनी. सकाळी गारव्यात लावलेला व्हॉल्व्ह एप्रिलमध्ये दुपारी दोनला सुटतो, तो यामुळे.

आता ड्यूटी थोडी थोडी कमी करा, आर्डुइनोच्या ० ते २५५च्या हिशेबात एका वेळी पाच. एका ठिकाणी ‘टक’ होईल आणि क्षणात पाणी थांबेल. तो आकडा लिहून घ्या. समजा तो ३८ आला, म्हणजे १५ टक्के. त्याची दुप्पट, ७६, ही तुमची धरून ठेवायची ड्यूटी. दुप्पट करंट म्हणजे चौपट ओढ, म्हणजे पंपाचा हादरा, तापलेली कॉइल आणि थोडी मळ धरलेली सील एवढं सगळं पोटात घालायला पुरेशी जागा. दीडपटीवर वीज आणखी वाचते, पण रात्री बंद पडलेला व्हॉल्व्ह बघायला शेतावर जायची हौस असेल तरच.

एक धोका तरीही उरतो. धरून ठेवण्याच्या करंटवर प्लंजर एकदा सुटला की त्या करंटने तो परत वर जात नाही, मधे फट आलेली असते. प्रोग्रॅम समजतो व्हॉल्व्ह उघडा आहे, आणि रोपं कोरडी. म्हणून दर मिनिटाला एकदा ३०० मिलिसेकंद ५० टक्क्यांची पल्स पुन्हा द्या. विजेचा खर्च नगण्य, आणि सुटलेला प्लंजर मिनिटभरात जागेवर येतो.

शिवाय ‘२४ व्होल्ट’ म्हणजे २४ नव्हे. लेड-ॲसिडच्या दोन बॅटऱ्या उतरत आल्या की २३ व्होल्टच्या आसपास असतात आणि चार्ज होताना २८.८ पर्यंत जातात. ड्यूटी पक्की ठेवली तर कॉइलला मिळणारे व्होल्ट त्यासोबत हलतात. उपाय सोपा आहे. १०० किलोओहम आणि १५ किलोओहमचा डिव्हायडर करून (दोन्ही सिरीजमध्ये, १५चा ग्राउंडकडे) मधल्या सांध्यावरून बॅटरीचे व्होल्ट अॅनालॉग पिनवर वाचा, आलेल्या आकड्याला ०.०३७४ ने गुणा की बॅटरीचे व्होल्ट मिळतात. हवे असलेले व्होल्ट भागिले बॅटरीचे व्होल्ट, ही झाली ड्यूटी. ओढायला १२ आणि धरायला ७ असे दोन आकडे प्रोग्रॅममध्ये ठेवले की बॅटरीचे व्होल्ट वरखाली झाले तरी कॉइलला फरक पडत नाही.

हे सगळं एका चिपमध्येही मिळतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही११० ही खास याच कामाची: बाहेरचा मॉसफेट चालवते, कॉइलचा करंट प्रत्यक्ष मोजते, ओढायचा करंट, धरायचा करंट आणि मधला वेळ रेझिस्टर-कपॅसिटरने ठरवू देते. करंटच मोजत असल्यामुळे तापमान आणि बॅटरीची चढउतार दोन्ही आपोआप सांभाळली जातात. एकदोन व्हॉल्व्हसाठी आर्डुइनो ठीक, वीस-पंचवीस बोर्ड बनवायचे असतील तर या चिपचा विचार करा. अनेक व्हॉल्व्हसाठी यूएलएन२००३ सुचवला जातो. त्याच्या एका चॅनेलची हद्दच ५०० मिलिअँपिअर आणि आत जवळजवळ एक व्होल्ट खातो, तेव्हा आपल्या ०.५ अँपिअरच्या कॉइलला तो नको. व्हॉल्व्हमागे एक मॉसफेट आणि एक डायोड, हेच बरं.

चाललं नाही तर

‘टक’ आवाजच येत नसेल तर ओढायची ड्यूटी १०० मिलिसेकंदांसाठी ७५ टक्के करून पाहा. एवढ्या वेळात कॉइल तापत नाही. फक्त प्रोग्रॅम तिथेच अडकला तर काय, याचा विचार आधी करा आणि वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की आर्डुइनो रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा. मॉसफेट हाताला चटका देत असेल तर नव्वद टक्के वेळा तो ‘एल’ नसलेला निघतो, नाहीतर डायोड संथ जातीचा असतो.

बंद केल्यावर व्हॉल्व्ह किंचित उशिरा मिटला तर ते डायोडमुळे. करंट गोल फिरत हळूहळू विझतो, प्लंजर काही मिलिसेकंद उशिरा सुटतो. पाण्याला त्याने फरक पडत नाही.

आवाज स्वच्छ येतो, करंटही बरोबर, तरी पाणी नाही? मग सर्किटला दोष देऊ नका. अर्धा इंची प्लास्टिकच्या पुष्कळ व्हॉल्व्हवर किमान ०.०२ मेगापास्कल छापलेलं असतं, म्हणजे दोन मीटर पाण्याचा दाब. कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते, मोठा पडदा उचलायचं काम पाण्याचा दाब करतो. टाकी कमरेएवढ्या कट्ट्यावर असेल तर तो पडदा उचलणार नाही, कितीही अँपिअर द्या. टाकी उंच करा, किंवा शून्य दाबावर चालणारा डायरेक्ट ॲक्टिंग व्हॉल्व्ह घ्या. त्याची कॉइल मोठी असते, तेव्हा ओहम पुन्हा मोजून ड्यूटीचा हिशेब आणि फ्यूज नव्याने काढावा लागेल.